अद्भुताचा महिना

अद्भुत आणि वेळापत्रक ह्या दोघांची पत्रिका जमेल असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. उडत्या गालिच्यावर बसणाऱ्याने आधी गाडीची वेळ पाहावी, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. तथापि येत्या श्रावणात महिनाभर अद्भुतकथांखेरीज दुसरे काही वाचावयाचे नाही, असा बेत मी केला आहे. आणि वार व पाने ह्यांचा हिशेब घालून तो एका वहीत मांडूनही ठेवला आहे. ती वही पाहून एका स्नेह्याने विचारले, "ह्या वयात राक्षस आणि पऱ्या? जगात वाचण्याजोगे दुसरे काही उरले नाही की काय?" प्रश्न थट्टेचा होता, पण थट्टेतले प्रश्नच माणसाच्या मनात अधिक दिवस घर करून राहतात.

महिना श्रावणच का, हे मराठी वाचकास फारसे समजावून सांगावयास नको. अद्भुताला महिना नेमून देण्याची युक्ती माझी नव्हे. ती आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सोमवारची कहाणी निराळी, मंगळागौरीची निराळी, शुक्रवारी जिवतीची, रविवारी आदित्यराणूबाईची. ज्या आज्या वर्षभर डाळतांदळाचा हिशेब चोख ठेवीत, त्याच ह्या महिन्यात अक्षता हातात धरून नागांच्या आणि देवांच्या कहाण्या ऐकत. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे. चौरंगावर 'शिवलीलामृता'ची पोथी मांडली जाई. श्रीधरकवीने 1718 साली पुऱ्या केलेल्या ह्या ग्रंथात सीमंतिनीची कथा आहे. तिचा पती यमुनेत बुडतो, पाताळात नागांच्या नगरीत जातो, आणि ती सोमवारचे व्रत सोडीत नाही म्हणून अखेर परत येतो. ह्याहून अद्भुत कथा ती कोणती?

माझे वाचनमंदिर म्हणजे बदलापूरहून मुंबईस जाणारी लोकल. सुमारे 68 किलोमीटरचा हा प्रवास दीड तासाचा आहे. सकाळी बदलापुरातूनच सुटणारी गाडी गाठली तर बसावयास जागा मिळण्याचा संभव असतो. म्हणून जाडजूड ग्रंथ सकाळी. संध्याकाळी एका हाताने कडी धरून उभे राहावयाचे असते. म्हणून त्या वेळी कहाण्यांचे एका हातात मावणारे पुस्तक. ग्रंथांची निवड त्यांच्या वजनावरून करणारा रसिक हास्यास्पद वाटेल खरा, पण कल्याणच्या पुढे सौंदर्यशास्त्रापेक्षा मनगटाचे बळ अधिक उपयोगी पडते.

पहिला आठवडा कहाण्यांचा आणि पोथीचा. दुसरा 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'चा. ह्या भाषांतराशी कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री ह्या चिपळूणकर पितापुत्रांची नावे जोडलेली आहेत. 1874 साली 'निबंधमाला' सुरू करणाऱ्या करारी लेखणीला अल्लादिनाच्या दिव्याचे वावडे नव्हते, ही गोष्ट मला फार दिलासा देते. तिसऱ्या आठवड्यात नाथमाधवांचा 'वीरधवल', आणि चौथ्यात टोल्किनच्या 'स्वामी मुद्रिकांचा' ह्या मराठी अवताराचा पहिला खंड. तिन्ही खंड एका महिन्यात बसत नाहीत. त्यासाठी 2023 सालासारखा अधिक श्रावणच यावा लागेल. जुनी पुस्तके कोठे शोधावीत, ही चिंता बदलापूरकरास इतरांहून कमी. श्याम जोशी ह्यांनी दुर्मिळ मराठी ग्रंथांचा जो संग्रह 'ग्रंथसखा' ह्या नावाने उभा केला, तो ह्याच गावातला.

आता स्नेह्याच्या प्रश्नाकडे वळतो. अद्भुत म्हणजे संसारातून पळून जाण्याची वाट, असे त्यास सुचवावयाचे होते. पण ही पुस्तके लिहिणारे पळपुटे होते काय? नाथमाधव 1905 साली शिकारीस गेले असता कड्यावरून पडले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. भरधाव घोड्यांवरून दौडणारे वीर मराठी वाचकांस त्यांनी दिले ते ह्यानंतर. टोल्किनने 1916 साली सोमच्या रणभूमीवरील संहार डोळ्यांनी पाहिला होता. ज्यांस वास्तवाने असे घट्ट धरून ठेवले, त्यांस कोणी वास्तवाची ओळख करून देण्याची गरज नसते.

शिवाय माझ्या रोजच्या वाटेवरची गावेही मला हेच सांगतात. बदलापूर सोडले की अंबरनाथ लागते. तेथले शिवालय 1060 सालचे, शिलाहारांच्या राजवटीतले. त्याच्या बाह्य भिंती देवदेवतांनी आणि अप्सरांनी गजबजलेल्या आहेत. पण गाभाऱ्यात जावयाचे तर पायऱ्या उतरून काळोखात जावे लागते. त्यापुढचे उल्हासनगर 1947 च्या फाळणीनंतर ओस पडलेल्या लष्करी छावण्यांतून वसले आणि त्यास हे नाव 1949 साली मिळाले. घरे, शेते आणि नदी मागे टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांना आपल्या कथा मात्र कोणत्याही सरहद्दीवर ठेवून याव्या लागल्या नाहीत. उन्हाळा सरून पाऊस स्थिरावला की तेथे झूलेलालाचे चाळीस दिवसांचे व्रत चालते, आणि त्याचे काही दिवस बहुधा आमच्या श्रावणात येतात. शाह अब्दुल लतीफ ह्या सिंधी कवीने गायिलेली राय डियाचची कथा मी वहीत चौथ्या सोमवारी टिपून ठेवली आहे. एका गायकाच्या सुरांवर लुब्ध होऊन राजा त्यास हवे ते मागावयास सांगतो. गायक राजाचे मस्तक मागतो, आणि राजा ते देतो.

ही सारी यादी पुढे ठेवून पाहिली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. सीमंतिनी व्रत सोडीत नाही. कहाणीतली लेकीसून घेतला वसा टाकीत नाही. राय डियाच मस्तक देतो पण शब्द मागे घेत नाही. टोल्किनचा चिमुकला नायक हातची सत्ता आगीत टाकावयास निघतो. अद्भुताच्या राज्यात माणसे उडतात, मेलेले परत येतात, पाषाण बोलतात. तेथे सारे शक्य असते. एकच गोष्ट अशक्य असते, ती म्हणजे दिलेला शब्द मोडून सुखाने सुटणे. आमच्या ह्या व्यवहारी जगात मात्र माणसास उडता येत नाही, आणि शब्द मात्र रोज दहादा मोडता येतो. मग ह्या दोन जगांपैकी अधिक कडक कोणते, हे वाचकांनीच ठरवावे.

म्हणूनच ह्या बेताला मी करमणूक म्हणत नाही. तीस दिवस, रोज चाळीस पाने, गर्दी असो वा पाऊस. एवढा लहानसा वसा मी स्वतःपाशी घेतला आहे. गाडीत कोणी पाय तुडवला, कचेरीत काम अंगावर कोसळले, उल्हास नदीला पूर येऊन गाड्या थांबल्या, तरी त्या दिवसाची चाळीस पाने त्या दिवशीच वाचली गेली पाहिजेत. अद्भुतकथा वाचून राजपुत्र कोणी होत नाही. पण ठरविलेले पान ठरलेल्या दिवशी उघडणारा माणूस त्या कथांच्या प्रजेत नाव घालावयास पात्र होतो, असा माझा समज आहे.