जुळणी घरच्या घरी

वस्तीच्या अभ्यासिकेत दोन जुने संगणक. एकावर विंडोज, दुसऱ्यावर लिनक्स. मुलांच्या लेखांची पुस्तिका काढायची, तर जुळणीवाल्याला पानामागे पैसे द्यायचे कुठून? म्हणून आम्ही 'टेक' घेतले. अमेरिकेतील प्राध्यापक डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली आणलेली ही जुळणीची प्रणाली मोफत आहे. अर्थात मोफत म्हणजे बिनकष्टाची नव्हे!

'टेक लाइव्ह' हा तिचा संच दोन्हीकडे बसतो. कागद ए-फोर ठेवावा. लेटर हे अमेरिकेचे माप. लिनक्सवर प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तो 'पाथ' स्वतः नोंदवावा लागतो. नाहीतर सगळे बसवूनही संगणक 'आज्ञा सापडत नाही' असेच म्हणतो.

खरी परीक्षा अक्षरांची. मराठीसाठी आम्ही त्यातले 'झीटेक' वापरतो. विंडोजवरचा मंगल फॉन्ट लिनक्सवर नसतो, त्यामुळे तीच फाईल तिथे अडून बसते. म्हणून दोन्ही यंत्रांवर मोफत 'नोटो' फॉन्ट टाकला. तरीही पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे. फॉन्टसोबत 'लिपी देवनागरी' असे सांगावे लागते, हे नववीतल्या मुलीने शोधून काढले. मी कारकून माणूस, हिशोब तपासणारा. तिने माझ्यासमोर 'शिक्षण' हा शब्द दोन्ही यंत्रांवर छापून दाखवला. आता मुद्रितेही तीच तपासते.