मायच्या हातावरची तुळस



रोवणे आटोपले. वरच्या बांध्यांत पाणी धरून आहे, खालच्या बांधीत निंदण सुरू आहे. पण आज धानाचं नाही, हाताचं लिहितो.

मायला जाऊन वर्ष झालं. तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर आतल्या बाजूला, गोंदण होतं. मधात तुळस आणि दोन्ही बाजूंनी ठिपक्यांच्या ओळी. तीच तुळस माझ्या हातावर काढावी असं उन्हाळ्यापासून मनात आहे. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "पंचावन्नाव्या वर्षी पोट्ट्यासारखं काहून करून राहिले जी?"

तिचंही चुकत नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोराने जत्रेत दंडावर नाव गोंदून घेतलं होतं. एकच मशीन, एकच सुई, पुसायला एकच फडकं आणि मागे रांग. आठ दिवसांत दंड पिकला. तो बरा झाला, पण पुढे सैन्यभरतीत अडला. धावण्यात पोरगा पुढे होता, मेडिकलला बाहेर झाला. सैन्यात कायमचं गोंदण चालते ते फक्त कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला. बाकी कुठेही असलं की बाद. आदिवासी समाजांना त्यांच्या रूढीप्रमाणे सूट आहे. सीआरपीएफ, बीएसएफमध्ये आतल्या बाजूला काढायचं तर डावाच हात, कारण सलाम उजव्या हाताने करतात. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी आधी जाहिरात वाचावी, मग सुईजवळ जावं.

माझी भरती तर होणार नाही. तरी मी चौकशी केली. गोंदणाची शाई कातडीच्या दुसऱ्या थरात जाते. वरचा थर झडत राहते, खालचा टिकते, म्हणून गोंदण पुसत नाही. पण तिथपर्यंत जाणाऱ्या सुईला आधीच्या माणसाचं रक्त लागलं असेल, तर कावीळ बी, कावीळ सी आणि एचआयव्हीसुद्धा सोबत येऊ शकते. शिवाय गोंदल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे लेकरं घरोघरी माहीत आहेत, त्यांना रक्त लागते. मी दरवर्षी शिबिरात देतो. म्हणून ठरवलं, आधी शिबिर, मग गोंदण.

मग कारागीर पाहिले. पहिल्याने मोबाइलवर फोटो दाखवले, सगळे ताजे, काळेभोर. मी म्हटलं, भाऊ, वर्षभर जुनं काम दाखव. त्याच्याजवळ नव्हतं. रोवल्यावर महिन्याभराने सगळ्यांचीच बांधी हिरवी दिसते. धान कसं झालं ते चुरण्यात कळते.

दुसरा पोरगा भंडाऱ्यात भेटला. त्याने दोन जुन्या गिऱ्हाइकांचे हात दाखवले, रेषा फाकल्या नव्हत्या. सुई बंद पाकिटातली, तुमच्यासमोर फोडतो म्हणाला. हातमोजे नवे, शाई छोट्या कपात एका माणसापुरती, उरली की फेकायची. त्याने मलाच उलट विचारलं: शुगर आहे का? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? काम काय करता? शेती म्हटल्यावर म्हणाला, "काका, आता नको. दोन-तीन आठवडे चिखल, खत, ऊन काहीच लागलं नाही पाहिजे. धान निघाल्यावर या." हातात आलेलं गिऱ्हाईक त्याने परत पाठवलं. माझा भरवसा तिथेच बसला.

आता राहिली तुळस. मायच्या हाताचा जवळून फोटो कोणाजवळ नाही. पण पवनीच्या मावशीच्या हातावर तीच तुळस आहे. दोघींना एकाच दिवशी, एकाच बाईने गोंदलं होतं. मी बटर पेपर घेऊन गेलो. मावशीची कातडी सैल झाली आहे, ठिपके हिरवट, पसरलेले. मी हात धरून रेघा उतरवत होतो तर ती म्हणाली, "तुह्या मायले आवडत नोयतं हे."

माझा हात थांबला.

"मी आठ वर्साची, ते दहाची. चार बायांनी दाबून धरलं. काजळी भरली, हात टर्र सुजला. दोन दिस रडली ते. आमाले कोनी इचारलं होतं? गोंदलं नाई त सासरी नाव ठेवतीन म्हनत."

मी इतकी वर्षं त्या तुळशीकडे पाहिलं, पण मायला एकदाही विचारलं नाही. ती दागिन्यासारखी मिरवते असंच मला वाटत होतं. कागद गुंडाळला आणि मावशीलाच विचारलं, मग काढू का नको?

"तुह्या मनानं काढत असशीन त काढ. तिच्या नावानं नोको सांगू."

कागद आता कपाटात आहे. दिवाळीनंतर कडपा उचलला, पुंजणं रचलं, चुरणा झाला की भंडाऱ्याला जाईन. तोपर्यंत मन पलटलं तर नाही काढणार. काढली, तर कोणी विचारल्यावर सांगेन, ही माझी हौस आहे.

मंडळी, तुमच्या घरच्या म्हातारीच्या हातावर गोंदण असेल तर फोटो काढून ठेवा. आणि तिला ते पाहिजे होतं का, हे तिच्याच तोंडून एकदा विचारून घ्या. माझं विचारायचं राहून गेलं.