रायगडावरच्या तळ्यांकाठी

ऑक्टोबरात आडवार पाहून आम्ही महाड-पोलादपूरची चार कुटुंबे रायगडावर गेलो. चवदार तळ्यावर दरवर्षी जातो; डोंगरमाथ्यावरची तळी मात्र राहून गेली होती. १९९६ पासून रोपवे आहे, पण तिकिटांचा हिशेब केला आणि पायऱ्याच धरल्या. चौदाशेच्या वर आहेत! डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर बाबासाहेबही सहकाऱ्यांसह हा गड पाहून गेले होते.

गंगासागरात मनोऱ्यांचे प्रतिबिंब पडले होते. मुलांनी मोबाइलवर फोटोंचा सपाटा लावला. ऊन पाठीशी घेतले तरच पाणी फोटोत खुलते, हे तिथे कळले. पुढे कुशावर्ताकडे उतरलो. तिकडे चिटपाखरू नव्हते.

आमच्या आत्या पंचाहत्तरीच्या. लहानपणी गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी ओतीपर्यंत हंडा घेऊन तिष्ठत उभ्या राहिलेल्या. काठावर येऊन त्या थबकल्या. "हात लावू ना गं?" त्यांनी नातीला विचारले. कुणी हसले नाही. नातीने हात धरून त्यांना पाण्यापाशी नेले. आत्यांनी ओंजळ भरून तोंडावर मारली.

तो फोटो हलला आहे. तरी तोच मोठा करून भिंतीवर लावायचा, असे घरात ठरले आहे.