झाकली मूठ

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे सांगून गेलेल्या पूर्वजांनी ही किंमत कोणत्या बाजारात ठरविली असेल, हा प्रश्न अलीकडे माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. लाखावर सव्वा का, हे समजू शकते; सव्वा रुपयाच्या दक्षिणेवर पोसलेल्या समाजाला पूर्णांकावर थांबलेली रक्कम नेहमीच किंचित अशुभ वाटत आली. परंतु हे मोल करणारा कोण? मूठ ज्याची आहे त्याला आत काय आहे ते ठाऊक असते, म्हणजे त्याच्यापुरता सव्वा लाखाचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि समोर उभा राहून तर्क लढविणाऱ्याला काहीच ठाऊक नसते, म्हणजे तो जे मोल करतो ते मुठीचे नसून स्वतःच्या अज्ञानाचे असते. तेव्हा ही म्हण वस्तूविषयी बोलतच नाही. ती अज्ञानाचा भाव सांगते, आणि तो चढा राहावा अशी तजवीज करण्याचा सल्ला मुठीच्या मालकाला देते.

हा सल्ला व्यवहारात मुरलेला होता. शेतमालाच्या बाजारांत दलाल मंडळी रुमालाखाली हात घालून, एकमेकांची बोटे दाबून सौदा ठरवीत. ज्याचा माल तो शेतकरी दोन पावलांवर उभा असे, आणि आपल्या मालाचे काय झाले हे त्याला रुमाल दूर झाल्यावरच कळे. पुढे नियंत्रित बाजारपेठांचे कायदे झाले, उघड लिलावाचा आग्रह धरला गेला आणि रुमालाखालचे सौदे निषिद्ध ठरले. म्हणजे मूठ उघडल्याने सव्वा लाख बुडत नाहीत, फक्त ते दुसऱ्या खिशात जातात, असा निवाडा सरकारनेच दिला. म्हण मात्र टिकली. ती आजही लग्ने जमविताना आणि निवडणुकांच्या निकालापूर्वी तितक्याच गांभीर्याने उच्चारली जाते.

हे सारे मनात घोळण्याचे कारण एक फोन आहे, एवढे सांगून पुढे जातो. त्याची अँड्रॉइड ही प्रणाली मुक्त आहे, असे कुर्ल्याच्या नेहरूनगरातील ज्या तरुणाने तो मला चालू करून दिला त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. फोनच्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी, कायदेशीर माहितीच्या पोटात, परवान्यांचे एक पान दडलेले असते. आणि ज्याचे आयुष्य कचेरीत दस्तऐवज वाचण्यात गेले त्याला असे पान दिसले की राहवत नाही. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्सचा गाभा, त्याच वर्षीच्या जून महिन्याची मिती असलेला जीपीएल हा परवाना, २००४ च्या जानेवारीतील अपाची परवाना, असे एकामागून एक मसुदे बोटाखालून सरकत राहतात, आणि सर्वांचा आशय थोड्याफार फरकाने एकच: घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र काही बिघडल्यास आम्ही जबाबदार नाही. बक्षीसपत्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. परंतु मिळकत साऱ्या जगाच्या नावे करून देणारे, आणि त्याच दमात तिच्या दोषांबद्दल हात झटकणारे बक्षीसपत्र हे पहिलेच. गूगलने २००५ मध्ये अँड्रॉइड विकत घेतले, २००७ च्या नोव्हेंबरात अनेक कंपन्यांचा संघ करून ते जगापुढे मांडले, आणि पुढल्या वर्षी त्यावर चालणारा पहिला फोन बाजारात आला. त्या सगळ्याच्या मुळाशी हे औदार्य आहे. मी भारावून फोन उलटा केला. मागचे झाकण निघेना. ते चिकटविलेले होते.

आणि मला प्रीमियरच्या गाड्या आठवल्या.

कुर्ल्यात ज्यांचे बालपण गेले त्यांना प्रीमियर हे एका कारखान्याचे नाव न वाटता एका ऋतूचे वाटते, तो होता तेव्हाचा आणि तो गेल्यानंतरचा. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या पुरुषाने जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने या देशात निर्माण करण्याचा ध्यास घेतला, त्यातील मोटारीचा भाग १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने आमच्या वाट्याला आला. इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावर येथे तयार होणारी गाडी पुढे पद्मिनी झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगात साऱ्या मुंबईची झाली. तिचे बॉनेट उचलले की आतला प्रत्येक अवयव दिसे आणि बहुतेक अवयवांना हात पोहोचे. टॅक्सीवाला भर सिग्नलला खाली उतरून, प्लग घासून, कार्ब्युरेटर फुंकून, पाने-पक्कड सीटखाली टाकून पुन्हा मीटर फिरवी. सीएसटी रोडवरील भंगाराच्या आणि सुट्या भागांच्या दुकानांत तर जुन्या गाड्या शेवटच्या बोल्टपर्यंत उकलल्या जात, आणि तेथील पोरे आकडे वाचावयास शिकण्यापूर्वी गॅस्केट ओळखावयास शिकत. आराखड्याची मालकी तुरीनची, परवाना दिल्लीचा. कुर्ल्याच्या फिटरला आत डोकावण्याची सनद कोणीच दिली नव्हती. त्याने ती मागितलीही नव्हती.

येथपर्यंत आलो की लेखणी स्मरणरंजनाकडे घसरू लागते, म्हणून तिला आवरतो. ही गाडी मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहत, कारण दुसरी निवड नव्हती. आणि ती सर्वांना आतून ठाऊक होती, कारण ती सर्वांच्या देखत वारंवार बंद पडत असे. तो तिच्या उघडेपणाचा गुण होता की नादुरुस्तीचा परिणाम, हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, टॅक्सीच्या आयुष्याची मर्यादा वीस वर्षांची, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून उतरली. कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत.

फोनचे प्रकरण याच्या नेमके उलट आहे, असे म्हणून मी सुटू पाहतो; तेथे कागद उघडा, झाकण बंद. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला तेव्हा त्याच्या निष्कर्षांतही हेच होते: प्ले स्टोअर हवे असेल तर निर्मात्याने गूगलची ॲप्स संचासकट घेतलीच पाहिजेत, आणि या मुक्त प्रणालीची स्वतः बदललेली आवृत्ती आपल्या फोनवर चढविता कामा नये. अपिलात मार्च २०२३ मध्ये दंड कायम राहिला, काही निर्देश मात्र रद्द झाले.

परंतु उलट म्हणून भागत नाही. पवईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बंगारमबंडी या तिघांनी त्याच अँड्रॉइडच्या आधारे इंडस ओएस ही प्रणाली रचली. मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनांवर ती मराठीसह अनेक भारतीय भाषा घेऊन आली, आणि आलेला निरोप बोटाने सरकविताच आपल्या भाषेत उतरू लागला. पवई हे गाव महसुली दप्तरात तालुका कुर्ला म्हणूनच नोंदले जाते, तेव्हा आमच्या तालुक्याने दुसऱ्याचा आराखडा उकलून आपलासा करण्याचे काम दोनदा केले असे म्हणावयास हरकत नाही, जरी इंडस पुढे फोनपेच्या ताब्यात गेली. त्या तिघांना मूठ उघडी मिळाली नसती तर हे घडले नसते. मला ती चिकटविलेली मिळाली, तरी घडले ते घडलेच.

शिवाय एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ज्या फोनात मी दुधाचे, भाजीचे, औषधाचे पैसे देतो, ज्यात माझे निवृत्तिवेतन दिसते, तो सीएसटी रोडवरील कोणाही पोराने पान्याने उघडावा असे मला खरोखर वाटते काय? फोनच्या प्रणालीचे कुलूप मालकाने स्वतः तोडले असता बँकांची कित्येक ॲप्स त्यावर चालावयास नकार देतात, आणि त्या नकाराचा मला राग येत नाही, उलट हायसे वाटते. म्हणजे पद्मिनीच्या बाबतीत जे मला स्वातंत्र्य वाटले तेच फोनच्या बाबतीत भय वाटते, आणि म्हणीच्या त्या धूर्त कर्त्याच्या पंक्तीला मी नकळत जाऊन बसतो. की गाडीत फक्त उतारू बसत आणि फोनात मी स्वतः बसलो आहे, एवढाच हा फरक? तसे असेल तर मुठीच्या आत सव्वा लाख नसून मीच आहे, आणि मग ती कोणी झाकावी याचा हिशोब पहिल्यापासून करावा लागेल. तो मला जमलेला नाही.

वाचकांपैकी कोणी या मुक्त प्रणालीत स्वहस्ते एखादी दुरुस्ती केली असेल आणि ती आपल्याच फोनावर चालवून दाखविली असेल, तर त्याने मला अवश्य भेटावे. तो कुर्ल्याचा असेल तर चहा माझ्याकडे.