थकवा या शब्दाचा अर्थ

भाषाविज्ञानाच्या वर्गात अर्थविचार शिकवताना समानार्थी शब्दांचे एक उदाहरण मी अनेक वर्षे देत आलो आहे. थकवा, शीण, ग्लानी, मरगळ हे शब्द कोशात एकमेकांच्या शेजारी बसतात. पण शीण प्रवासाचा असतो, ग्लानी तापात येते आणि मरगळ मनालाही येते. एकाच्या जागी दुसरा ठेवला की वाक्य अडखळते. काही वर्षांपूर्वी एवढे सांगून मी खडू खाली ठेवला, तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी जागेवर बसूनच म्हणाली, "सर, मला जे होतं ते यांतल्या एकाही शब्दात बसत नाही."

ती उभी राहिली नाही, हे मला खटकले. तिच्याविषयी माझे मत आधीच फारसे चांगले नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ती उशिरा यायची, भिंतीचा आधार घेत चालायची. तिच्या उत्तरपत्रिकेची पहिली चार पाने मोत्यासारखी आणि शेवटची दोन वाचता न येणारी होती. त्यांवर मी लाल शाईने शेरा मारला होता : 'आळस सोडा. हस्ताक्षर सुधारा.' तास संपल्यावर तिने तीच उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि आपल्या आजाराचे नाव सांगितले : मल्टिपल स्क्लेरोसिस.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण उसवले की संदेश मंदावतात, वाटेत विरतात. आजार संसर्गजन्य नाही. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तो मुळातून बरा करणारे औषध अद्याप नाही. त्याची वाढ रोखणारी औषधे मात्र आहेत. तिच्याबाबतीत सुरुवात एका डोळ्याने झाली. डोळा हलवला की दुखे आणि रंग विटल्यासारखे दिसत. काही आठवड्यांनी दृष्टी परतली, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. वर्षभराने एक पाय बधिर झाला आणि शहरात एमआरआय केल्यावर निदान झाले.

त्या रात्री मी सवयीने नावाची व्युत्पत्ती शोधली. ग्रीक 'स्क्लेरोस' म्हणजे कठीण. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले. मृत रुग्णांच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत दिसलेल्या कठीण चकत्यांवरून त्याला फ्रेंच नाव मिळाले. म्हणजे हे नाव शवविच्छेदनाच्या टेबलावरचे आहे. वैद्याला काय दिसले ते त्यात आहे. जिवंत माणसाला काय वाटते ते त्यात नाही. ते सांगणारे शब्द ज्याचे त्याला शोधावे लागतात. ही विद्यार्थिनी रोज तेच करत होती, आणि मी तिला आळशी ठरवले होते.

तिचा दिवस पहाटे सुरू होई. पलंगावरून उतरण्यापूर्वी ती पाय जमिनीला लावून पाही. काही दिवशी फरशी फरशीसारखी लागे, काही दिवशी मध्ये गोधडी अंथरल्यासारखी. मान खाली वाकवली की पाठीतून वीज सळकून जाई. अभ्यास पहाटेच, कारण ऊन चढू लागले की अक्षरे धूसर होत. शरीर तापले की या आजाराची लक्षणे तात्पुरती बळावतात. श्रमानंतर दृष्टी मंदावते, हे विल्हेल्म ऊटहॉफ यांनी 1890 मध्येच नोंदवले होते. म्हणून गळ्याभोवती ओला रुमाल असे. आठवड्यातून एकदा ती स्वतःच इंजेक्शन घेई आणि दुसरा दिवस तापासारख्या कणकणीत जाई. ते औषध फ्रीजमध्ये ठेवावे लागे. गावात वीज गेली की इतरांना पंख्याची आठवण होई, तिला औषधाची.

त्याहून अधिक शक्ती जाई ती सांगण्यात. एसटीत राखीव जागेवर बसलेली धडधाकट तरुण मुलगी पाहून लोक तिला उठवत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला मान्यता दिली आहे, हे तिला प्रवाशांना सांगावे लागे. प्रमाणपत्रासाठी ती गेली तो दिवस नेमका बरा होता. त्यामुळे चांगल्या चालण्याचाही खुलासा करावा लागला. मैत्रिणी म्हणत, "अगं, दमतो तर आम्हीपण." हे ऐकणे सर्वांत कठीण, असे ती म्हणाली. दिवसभर नोकरी आणि घर सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला थकवा म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण आपला थकवा झोपेने उतरतो. तिचा थकवा झोपेतून तिच्याबरोबरच उठे.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा जागतिक दिन 30 मे रोजी असतो. आमच्याकडे तेव्हा महाविद्यालयाला सुटी आणि ऊन असे की तिला उंबरा ओलांडणे अवघड. म्हणून तिने जुलैमध्ये माझ्या तासाची दहा मिनिटे मागितली. भाषण केले नाही. प्रत्येकाने लिहिता हात रुमालात गुंडाळावा, पेन धरावे आणि आपले नाव दहा वेळा लिहावे, एवढेच सांगितले. आधी हशा पिकला, मग तो थांबला. मीही लिहिले. सातव्या ओळीतले माझे नाव मला वाचता येईना.

मग तिने आजीची गोष्ट सांगितली. आजीला आजाराचे नाव उच्चारता येत नसे, त्यामुळे दृष्ट काढणे चालू होते. एकदा मळ्यात बसून नातीने समजावले : विहिरीत पाणी आहे, मोटार चालू आहे, पण पाइपाला जागोजाग भोके पडली आहेत, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. आजीने एकदाच मान हलवली. त्यानंतर आजी रोज सकाळी विचारू लागली, "आज पोचतंय का गं पाणी?"

पुढे आमचा वर्ग तळमजल्यावर आला. परीक्षेत तिला लेखनिक आणि जादा वेळ मिळाला. त्यासाठी मीही दोन-तीन कार्यालयांचे जिने चढलो. लाल शाईचा तो शेरा मात्र खोडता आला नाही. तिने उत्तरपत्रिका परत मागितली, मी दिली.

समानार्थी शब्दांचे उदाहरण मी आजही देतो. यादीच्या शेवटी एक जागा रिकामी ठेवतो. त्या वर्षी आमच्या वर्गाला ती जागा भरता आली होती. एखाद्या दुपारी ती बाकावर डोके टेकून म्हणे, "आज पाणी पोचत नाहीये." तेव्हा कोणी काही विचारत नसे. शेजारची मुलगी तिची वही ओढून घेई आणि तिच्यासाठी लिहू लागे.