घाव आणि भाव

दिंडीतले आमचे विणेकरी बुवा एकदा म्हणाले, "खून तो खून. मारणाऱ्याच्या मनात जात होती की जमीन, मेलेल्याला त्याचं काय? शिक्षा सारखीच हवी."

बोलणं टाकाऊ नाही. दुसऱ्याचं मन कोणी पाहिलंय? पण माउली, आपल्याकडे सगळं मोल भावाचंच. तुळशीच्या पानाला किंमत येते ती भावानं. मग पुण्यात भाव धरायचा आणि पापात सोडून द्यायचा, हे मला पटत नाही.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित घरातली चार माणसं मारली गेली. २००८ मध्ये सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप झाली. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं फाशी उतरवून २५ वर्षांची कैद दिली. शिक्षा जबर होती, पण अ‍ॅट्रॉसिटीचं कलम कुठेच टिकलं नाही. जातीचं नाव निकालाबाहेरच राहिलं. मला बोचतं ते हे.

कारण असा घाव एका घरावर थांबत नाही. चोखोबांना दाराबाहेर ठेवलं, तेव्हा एकालाच अडवलं का? साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण करेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या पायरीशीच थांबल्या.

पूर्वी गुन्हा जातीमुळेच घडला, हे सिद्ध करावं लागे. २०१५ च्या दुरुस्तीनं समोरच्याची जात ठाऊक असणं पुरेसं ठरलं. दहा वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मग जन्मठेप. ही वाढीव शिक्षा मला रास्त वाटते. फाशी मात्र नको. पस्तावायला श्वास लागतो.