आवडलेली कादंबरी दुसऱ्याच्या हाती देताना

पोथीला शिफारस लागत नव्हती. चातुर्मासात देवळाच्या ओसरीवर किंवा वाड्याच्या सोप्यात श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागला, की काय वाचायचे हा प्रश्न परंपरेने आधीच सोडवून ठेवलेला असे. एकाने ओव्या वाचायच्या, जाणत्याने अर्थ सांगायचा आणि बाकीच्यांनी वाती वळता वळता ऐकायचे, अशी कामाची वाटणी ठरलेली होती, आणि कथा सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे शेवट आधी कळला म्हणून कोणाचा रसभंग होण्याचीही भीती नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी रचले गेलेले हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या असे घोळक्याने ऐकले गेले. कादंबरीचे तसे झाले नाही. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' छापून निघाले, पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' अंकाअंकाने येऊ लागली, आणि मराठी माणसाला एकट्याने, मनातल्या मनात, अनोळखी माणसांच्या घरात शिरून वाचण्याची सवय लागली. या एकटेपणाबरोबरच एक नवी गरजही जन्माला आली, कारण परंपरेने निवडून दिलेले नसलेले पुस्तक निवडायचे कोणाच्या शब्दावर, हा प्रश्न कादंबरीच्या वाचकाला पहिल्यापासूनच पडलेला आहे.

महिन्यातून एकदा एकत्र जमून, एकाच कादंबरीविषयी बोलणाऱ्या दहा-पंधरा जणांच्या गटाला कोणी वाचकमंडळ म्हणतात, कोणी वाचनकट्टा. तो ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर भरतो किंवा पाळीपाळीने सभासदांच्या घरी भरतो, चहा-पोहे झाल्यावर खरी चर्चा सुरू होते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत, निघायची घाई सुरू झालेली असताना, पुढच्या महिन्याचे पुस्तक ठरते. मंडळाचे यशापयश या पाच मिनिटांवर अवलंबून असते, आणि नेमके तेच सर्वांत निष्काळजीपणे खर्च होतात. 'फार सुंदर आहे, वाचाच' एवढेच सांगणारा सभासद पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही, आपल्या आनंदाविषयी सांगतो. आणि कथानक रंगवून सांगणारा दुसऱ्याच्या वाट्याचा आनंद आधीच खाऊन टाकतो. या दोन्हींपेक्षा उपयोगी असलेली एक तिसरी रीत आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. वाचक या पुस्तकात कुठे अडखळेल, ती जागा त्याला आधी सांगणे, आणि तिथे अडखळणे का सोसावे हे पटवून देणे, एवढेच शिफारस करणाऱ्याचे खरे काम आहे. घाटरस्त्याने जाणाऱ्याला निसर्गशोभेचे वर्णन ऐकवण्यापेक्षा दरड कुठल्या वळणावर कोसळली आहे हे सांगणारा माणूस जास्त कामाचा असतो.

काही कादंबऱ्यांच्या बाबतीत हे काम उरलेलेच नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाती', रणजित देसाईंची 'स्वामी' आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' या १९५९ ते १९६७ या आठ वर्षांत आलेल्या तीन कादंबऱ्या मराठी मध्यमवर्गाच्या घरात लग्नाच्या आहेरातून, शाळेच्या बक्षिसातून आणि वडिलांच्या कपाटातून आपोआप पोहोचलेल्या आहेत. त्या कोणाला आवडू नयेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु मंडळात त्यांची शिफारस करणे म्हणजे आलेली पाळी वाया घालवणे होय, कारण ज्याने त्या वाचलेल्या नाहीत त्याने त्या बहुधा ठरवूनच वाचलेल्या नसतात.

याहून अवघड प्रश्न असतो तो स्वतःच्या सर्वांत लाडक्या पुस्तकाचा. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक पंचविशीत होता आणि तिचा निवेदक, म्हणजे 'मी' म्हणून कथा सांगणारा पांडुरंग सांगवीकर, हाही पंचविशीतलाच आहे. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या, वसतिगृहात पैसे आणि दिवस उधळून हात हलवत गावी परतलेल्या या मुलाची ही कथा वयाच्या विशीत वाचलेला माणूस ती पुढे जन्मभर आपल्याच डायरीसारखी जपतो. असा माणूस ती जेव्हा साठीतल्या सहसभासदाच्या हाती देतो, तेव्हा तो वास्तविक आपले विसावे वर्ष देऊ पाहत असतो, आणि ते देता येत नाही. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांचा मारा, गंभीर प्रसंगी सुचणारी थट्टा, मध्येच येणारी डायरीची पाने, या सर्वांनी वैतागून नवा वाचक शंभर पानांच्या आत पुस्तक मिटून ठेवण्याचा संभव असतो. त्याला सांगायचे ते एवढेच, की हा सगळा वात्रटपणा धाकट्या बहिणीच्या, मनूच्या, मृत्यूपर्यंत सोसावा. देवीच्या आजाराने ती लहान मुलगी जाते त्या पानांवर आल्यावर, थट्टा हीच ज्याची भाषा होती त्या मुलाला आता कोणती भाषा उरली, हे कळते आणि मागच्या सर्व पानांचा हिशेब लागतो. हा मृत्यू सांगून टाकल्याने कादंबरीचे काही बिघडत नाही. काही गोष्टी आधी कळल्याने पुस्तक हलके होते, काही कळल्याने ते वाचण्याचे बळ येते, आणि हा फरक ओळखण्यातच शिफारस करणाऱ्याची परीक्षा असते.

उद्धव शेळके यांची 'धग' ही १९६० सालची कादंबरी या परीक्षेसाठी सर्वांत चांगली. महादेव नावाच्या कर्तृत्वशून्य शिंप्याची बायको कौतिक आपला फाटका संसार उभा ठेवण्यासाठी जी झुंज देते, तिची ही कथा विदर्भातल्या मातीत घडते आणि तिच्यातील माणसे वऱ्हाडी बोलतात. वऱ्हाडी ही पूर्वीच्या वऱ्हाड प्रांताची, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या भागाची मराठी बोली. तिच्यात 'मला'चे 'मले' होते, 'का' या प्रश्नाला 'काहून' म्हणतात, 'डोळा' हा 'डोया' होतो आणि कोणी काही करत असेल तर तो ते 'करून राहिला' असतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाची अडखळण्याची जागा हीच. पहिल्या काही पानांत त्याला प्रत्येक संवाद मनातल्या मनात प्रमाणभाषेत, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, उतरवून घ्यावा लागतो आणि या दुहेरी खटाटोपात कौतिक त्याच्यापासून दूरच राहते. अशा वेळी शिफारस करणाऱ्याने स्तुतीचे भाषण न करता कौतिकच्या तोंडचे एखादे भांडण मोठ्याने वाचून दाखवावे, आणि मंडळात कोणी अमरावतीकडचा असेल तर ते काम त्याच्याकडे सोपवावे. तो वाचू लागला की छापील पानावर अनोळखी दिसणाऱ्या शब्दांना चढउतार येतात, टोमणा कुठे आणि मिनतवारी कुठे ते कानाला आपोआप कळते, आणि ऐकणारे पोथी ऐकणाऱ्यांइतकेच सहज त्या बोलीत शिरतात. एकदा कान बसला की पुढे कोणाची मदत लागत नाही.

मात्र 'धग'मध्ये दुसरीही एक अडखळण्याची जागा आहे आणि ती भाषेची नाही. दुःखाच्या कथा वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला लेखकाने मधूनमधून पाठीवर हात ठेवावा अशी अपेक्षा असते. शेळके तो ठेवत नाहीत. कौतिकच्या कष्टांविषयी ते हळहळत नाहीत, तिला देवीही करत नाहीत. ती चिडते, नवऱ्याला घालूनपाडून बोलते, चुकीचे निर्णयही घेते, आणि तिच्या धडपडीला यश मिळावे अशी कोणतीही व्यवस्था कादंबरीत केलेली नाही. मराठीत संसाराचा गाडा ओढणाऱ्या स्त्रियांच्या कथा पुष्कळ आहेत, पण लेखकाची करुणा इतकी कोरडी आणि म्हणून इतकी विश्वासार्ह असलेली कादंबरी दुसरी दाखवणे कठीण आहे. ज्या सभासदाच्या घरी नुकतेच काही दुःख घडले आहे, त्याला ती त्या महिन्यात देऊ नये, एवढे तारतम्य मात्र राखावे लागते.

'धग' पचली की आनंद यादवांची 'गोतावळा' (१९७१) हाती देता येते. संपूर्ण कादंबरी गावाकडच्या बोलीत सांगणारा नारबा हा गडी आणि शेतावरची जनावरे यांचे नाते ट्रॅक्टर आल्यावर कसे तुटते, हा तिचा विषय आहे. कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) पंचायतीत राखीव जागांवर निवडून आलेल्या आदिवासी स्त्रियांचे जग दाखवते आणि तिच्यावरची चर्चा साहित्यावरून घसरून राजकारणावर जाते, जे वाईट नव्हे. विस्तार मात्र एका वेगळ्याच जोडीचा करावयास हवा.

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' १९३९ साली आली. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर हा मायदेशी परतणारा मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित यांची गाठ पडते, त्यांतल्या हॅर्टा या तरुणीवर त्याचे आणि तिचे त्याच्यावर प्रेम बसते, आणि मुंबई बंदर जसजसे जवळ येते तसतसा त्या प्रेमाचा अवधी संपत जातो, कारण त्याला तिथे उतरता येते आणि तिला येत नाही. एका रविवारच्या दुपारी वाचून संपेल एवढी ही कादंबरी लहान आहे, त्यामुळे मंडळाच्या दृष्टीने ती सोयीची. पण तिलाही अडखळण्याची जागा आहेच. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर स्त्रियांविषयी जे बोलतो आणि विचार करतो ते आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रियांना, झोंबते, आणि अनेकजणी तिथेच पुस्तकाचा आणि लेखकाचा निकाल लावून मोकळ्या होतात. तो कडवटपणा लेखकाचा नसून तपासासाठी मांडलेल्या माणसाचा आहे, हे आधी सांगावे. याउलट शेवट मुळीच सांगू नये. आणखी एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी: ही कादंबरी लिहिली गेली तेव्हा ज्यूंच्या सरसकट संहाराला आरंभ झालेला नव्हता. बोटीवरच्या माणसांचे पुढे काय होऊ शकते याची कल्पना आजच्या वाचकाला लेखकापेक्षा अधिक आहे, आणि त्यामुळे डेकवरचे हसणे-खिदळणे, नाच, मुलांचे खेळ यांवर एक अशी सावली पडते जी लेखकाने घातलेली नाही, काळाने घातलेली आहे.

'रणांगण'ची शिफारस पुष्कळ जण करतात. पण तिच्या पाठोपाठ त्याच घरातली दुसरी कादंबरी वाचावी असे कोणी सुचवत नाही. बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजे पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे, यांनी १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि त्यावरून गदारोळ उठला, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो. त्यांची १९५० सालची 'बळी' मात्र नावानेच ठाऊक असते. इंग्रज सरकारने १८७१ साली केलेल्या आणि पुढे मुंबई इलाख्यालाही लागू झालेल्या एका कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्यांतल्या माणसांना तारेच्या कुंपणाआड वसवले जाई, हजेरी द्यावी लागे, आणि या वसाहतींना 'सेटलमेंट' म्हणत. मालतीबाईंनी अशा वसाहतींच्या कारभारात अधिकारी म्हणून काम केले होते, आणि 'बळी'मध्ये त्यांनी मांग गारुडी जमातीच्या माणसांचे कुंपणाआडचे जगणे लिहिले. तो कायदा देशभरात रद्द झाला तो १९५२ साली, आणि म्हणून या जमातींना पुढे 'विमुक्त' हे नाव मिळाले.

नवऱ्याने वंशामुळे दोषी ठरलेल्यांची बोट पाहिली आणि बायकोने जन्मामुळे दोषी ठरलेल्यांचे कुंपण. एकाच घरात बारा वर्षांच्या आत या दोन कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, आणि मराठी वाचकाने त्यांतली परदेशी निर्वासितांची कथा हृदयाशी धरली, महाराष्ट्रातल्या कुंपणाची विसरून गेला. यात कलागुणांचा भाग आहेच. 'रणांगण'ची घट्ट वीण 'बळी'ला नाही, तिच्यात माहिती काही ठिकाणी कथेच्या पुढे धावते आणि सुधारकाचा आवाज मधूनच वर चढतो. तिची अडखळण्याची जागा ती हीच, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. तरीही दूरच्या अन्यायावर रडणे सोपे जाते आणि जवळच्या अन्यायाची कथा रूक्ष वाटते, याचा सगळा दोष लेखिकेच्या माथी मारता येणार नाही. वाचकमंडळात या दोन्ही कादंबऱ्या लागोपाठच्या महिन्यांत घेतल्या, तर चर्चेत पुस्तकांइतकीच वाचणाऱ्यांची आवडही तपासली जाईल, आणि हे एकट्याने वाचताना सहसा घडत नाही.

क्रम मात्र 'रणांगण' आधी आणि 'बळी' नंतर असाच ठेवावा. उलट केल्यास दुसरी कादंबरी पहिलीला गिळून टाकेल. 'रणांगण' पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते. 'बळी'साठी जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन विचारावे लागेल, आणि एकच प्रत हाती लागली तर ती महिनाभर सभासदांमध्ये फिरवावी लागेल. म्हणून ज्याची पाळी येणार असेल त्याने ती दोन महिने आधीच नोंदवून ठेवावी.